अणू, समस्थानिकं आणि पोटॅश: एका शालेय संचाच्या नोंदी

१८ जून २०२४
ठिकाण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची शाळा, वर्ग आठवी ते दहावी. आठवीला अणूची रचना येते, पण वहीत तीन वर्तुळं आणि त्यावरचे ठिपके एवढंच उरतं. ‘प्रोटॉन अधिक न्यूट्रॉन म्हणजे अणुवस्तुमानांक’ हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मग क्लोरीनचं अणुवस्तुमान ३५.५ कसं, तो अर्धा आला कुठून, असं विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. संच या प्रश्नाभोवती उभा करायचा. वस्तू अशाच घ्यायच्या की ज्या मोजता येतील आणि काट्यावर ठेवता येतील.

थर्माकोलच्या गोळ्या आणि तारेची कडी वापरून मॉडेल करायचं नाही. विज्ञान प्रदर्शनात त्याची रांग लागलेली असते. त्यातून तीन चुकीच्या गोष्टी डोक्यात पक्क्या बसतात: इलेक्ट्रॉन प्रोटॉनएवढाच असतो, केंद्रकाने अर्धा अणू व्यापलेला असतो आणि इलेक्ट्रॉन ठरलेल्या कड्यावरून गरगर फिरतो.

अर्थात कुठल्याही मॉडेलमध्ये काहीतरी खोटं येणारच. म्हणून प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी डकवायची, मथळा ‘यात खोटं काय?’ चिठ्ठी मुलांनी भरायची, शिक्षकांनी फक्त तपासायची.

संचात घ्यायच्या वस्तू: मैदानावरचा अणू, लपलेल्या गोट्या, छऱ्यांच्या बाटल्या, चिंचोके आणि शेवटी खतातलं पोटॅश. सीडीचा वर्णपटदर्शक (प्रकाश रंगांत फोडून दाखवणारा) सवडीने.

२२ जून
मैदानावरचा अणू. मूलद्रव्य कार्बन घेतलं. कार्बनच्या केंद्रकाची त्रिज्या सुमारे २.७ फेम्टोमीटर, अणूची सुमारे ७५ पिकोमीटर (एक पिकोमीटर म्हणजे हजार फेम्टोमीटर), म्हणजे गुणोत्तर २७ हजारांच्या आसपास. केंद्रक म्हणून ज्वारीचा दाणा ठेवला, व्यास ४ मिमी. अणूची कड ५४ मीटरवर येते.

दाण्याचा व्यास एकेक दाणा मोजून काढायचा नाही. दहा दाणे पट्टीला टेकवून ओळीने लावायचे आणि दहाने भागायचं. मालदांडीचे टपोरे दाणे ४ मिमीपेक्षा मोठे निघतात, तसं असेल तर अंतरही त्याच प्रमाणात वाढवायचं. मैदान लहान असेल तर राजगिरा घ्यावा. त्याचा दाणा सुमारे १ मिमीचा, कड साडेतेरा मीटरवर, एवढी जागा कुठल्याही शाळेच्या पटांगणात मिळते. अंतर मोजायला सुतळी नको, ओली झाली की आखडते. ३० मीटरची मोजणीची टेप असली तर उत्तम, नसेल तर वायरचा गुंडाळा.

दाणा पांढऱ्या कागदावर मधोमध ठेवून मुलांना कडेवर उभं करायचं. दाणा दिसत नाही. अणू बहुतेक मोकळा असतो म्हणजे काय, हे यानंतर वेगळं समजावत बसावं लागत नाही.

लगेच दुसरी गोष्ट सांगायची: कार्बनच्या अणूचं ९९.९७ टक्के वस्तुमान या दाण्यात आहे. सहा इलेक्ट्रॉनांच्या वाट्याला ०.०३ टक्केही येत नाहीत. केंद्रकातल्या द्रव्याची घनता घनमीटरला सुमारे २.३ × १०^१७ किलो. ज्वारीचा दाणा खरोखर त्या द्रव्याचा असता तर त्याचं वजन ७५ लाख टनांच्या पुढे गेलं असतं.

इलेक्ट्रॉन किती हलका, हे दाखवायला खसखस आणि चिंचोका. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड असतो. खसखशीच्या हजार दाण्यांचं वजन पाव ते अर्धा ग्रॅम भरतं, एक चिंचोका अर्धा ते पाऊण ग्रॅमचा. म्हणजे एका पारड्यात चिंचोका आणि दुसऱ्यात खसखशीचे दीड-दोन हजार दाणे. हजार दाणे मोजत बसू नये. शंभर मोजून ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ठेवले की तीन-चार शतांश ग्रॅम दिसतात. ही काट्याची शेवटचीच पायरी असल्याने आकडा ढोबळ, पण इथे तेवढा पुरतो.

चिठ्ठीवर यायला हवं ते हे: अणूला अशी आखीव कड नसते. इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता बाहेर जाताना कमी कमी होत जाते, ५४ मीटरवर फक्की मारलेली नसते.

२७ जून
लपलेल्या गोट्यांची मांडणी. १९०९ मध्ये मँचेस्टरला गायगर आणि मार्सडेन यांनी धातूच्या पातळ पत्र्यावर अल्फा कण (किरणोत्सारी द्रव्यातून सुटणारे धन प्रभाराचे कण) सोडले. प्लॅटिनमच्या पत्र्यावरून साधारण आठ हजारांत एक कण उलट्या बाजूला फिरत होता. त्यावरून १९११ मध्ये रुदरफोर्डने केंद्रकाची कल्पना मांडली. वर्गात करायचं ते एवढंच: न दिसणाऱ्या वस्तूचं माप टकरा मोजून काढायचं.

साहित्य: ६० × ६० सेमीचा प्लायवूड, चार कोपऱ्यांना ५ सेमी उंचीचे ठोकळे, १६ मिमीच्या काचेच्या गोट्या, वायरिंगची पीव्हीसी केसिंग पट्टी ३० सेमी, आणि खाली अंथरायला जाड पुठ्ठा.

पुठ्ठा हवाच. वर्गात शहाबादी फरशी असते, तिच्या सांध्यात गोटी अडखळते आणि वाकडी जाते. मग टक्कर न होताही गोटी तिरकी बाहेर येते आणि मोजणी बिघडते.

प्लायवूडखालच्या पुठ्ठ्यावर सहा गोट्या चिकटवायच्या, फेविकॉलचा एकेक थेंब पुरतो. पण चिकटवताना दोन गोष्टी पाळायच्या. समोरून पाहिलं असता एक गोटी दुसरीच्या आड येता कामा नये, आणि कडेच्या गोट्या कडेपासून निदान एका गोटीच्या व्यासाएवढ्या आत हव्यात. आड लपलेली गोटी कधी टक्कर घेतच नाही, मग सहाच्या जागी पाचच मोजल्या जातात.

केसिंगची पट्टी उतरती धरून तिच्यातून गोटी सोडायची, उतार ५ सेमी. यापेक्षा जास्त उंचीवरून सोडली की चिकटवलेली गोटी सुटते.

३ जुलै
हिशेब असा. फेकलेली आणि लपलेली गोटी सारख्याच व्यासाची. दोघींच्या केंद्रांतलं आडवं अंतर एका व्यासाहून कमी असेल तर टक्कर होते, म्हणजे प्रत्येक लपलेली गोटी दोन व्यासांएवढी रुंदी अडवते. म्हणून

व्यास = (टकरा × फळीची रुंदी) ÷ (२ × लपलेल्या गोट्या × एकूण फेका)

६० सेमीची फळी, सहा गोट्या, १०० फेका आणि ३२ टकरा झाल्या तर व्यास १.६ सेमी येतो.

मुलं नेम धरतात, आणि सगळं तिथेच फसतं. गोट्या खेळणाऱ्या हाताला टक्कर व्हावी असंच वाटत असतं, त्यामुळे टकरा वाढतात आणि व्यास फुगतो. ‘डोळे मिटून सोडा’ म्हणून उपयोग नाही, तेव्हा सगळे मधूनच सोडतात. उपाय: फळीच्या कडेला १ ते ६० सेमीच्या खुणा करायच्या, डब्यात ६० चिठ्ठ्या घालायच्या, निघेल त्या खुणेवर पट्टी ठेवायची आणि चिठ्ठी परत डब्यात टाकायची. चिठ्ठी परत न टाकणारा गट हमखास निघतो, लक्ष ठेवावं.

एकाच फेकीत गोटी दोन ठिकाणी आपटली तरी टक्कर एकच धरायची. टक्कर झाली का नाही याचा वाद आवाजावरून मिटवावा, बाहेर पडण्याच्या दिशेवरून नको.

१०० फेकांत ३२ टकरा अपेक्षित असतील तर पाचेक टकरांचा फरक सहज पडतो, म्हणजे व्यासात सव्वादोन-अडीच मिमीची चूक. ती निम्मी करायची तर फेका चौपट हव्यात. म्हणून चार गटांनी शंभर-शंभर फेका करून बेरीज करावी. एकाच गटाला ४०० फेका दिल्या की शंभरीनंतर आकडे मनानेच लिहिले जातात.

प्लायवूडखाली चुंबक लावून लोखंडी गोळी सोडायची, असं काही ठिकाणी सुचवलेलं असतं. ते घेतलं नाही. चुंबक गोळीला ओढतो. अल्फा कण आणि केंद्रक दोन्ही धन प्रभाराचे, त्यांच्यात प्रतिकर्षण असतं, त्यामुळे मार्ग उलट्या बाजूला वळलेला दिसतो. गोट्यांच्या मांडणीतही खोटं आहेच, कारण अल्फा कण केंद्रकाला न शिवताच वळतो. पण निदान दिशा तरी बरोबर राहते.

९ जुलै
छर्रे. आता मूळ प्रश्नाकडे. प्रोटॉन आणि न्यूट्रॉन यांचं वस्तुमान जवळजवळ सारखं, न्यूट्रॉन हजारात दीड भागाहूनही कमी जड. म्हणून दोघांसाठी एकच वस्तू चालते: सायकलचे पाव इंची छर्रे, मागच्या चाकात बसतात ते. एका छऱ्याचं वजन १.०५ ग्रॅमच्या आसपास. सुट्या भागांच्या दुकानात ग्रोसने मिळतात, एक ग्रोस म्हणजे १४४.

किती लागतील? क्लोरीनच्या २४ बाटल्या करायच्या. निसर्गात क्लोरीन-३५ सुमारे ७५.८ टक्के आणि क्लोरीन-३७ सुमारे २४.२ टक्के, म्हणून १८ बाटल्या ३५ छऱ्यांच्या आणि ६ बाटल्या ३७ छऱ्यांच्या. ६३० अधिक २२२, एकूण ८५२. याशिवाय ४० छऱ्यांच्या तीन बाटल्या, १२०. त्या कशाला हे पुढे येईल. एकूण ९७२. सात ग्रोस घेतले की १००८ होतात, ३६ शिल्लक.

दुकानात पुढच्या चाकाचे ३/१६ इंची छर्रे त्याच खोक्यात मिसळलेले असतात. त्यांचं वजन निम्म्याहून कमी, ०.४४ ग्रॅम. असा एक बाटलीत गेला की अर्धा न्यूट्रॉन कमी भरतो आणि मुलांना वाटतं की अर्धा न्यूट्रॉन खरोखरच असतो. भोकं पाडलेल्या पत्र्यावर सगळे छर्रे ओतायचे, बारीक छर्रे खाली गळतात. त्यासाठी भोक छऱ्यापेक्षा किंचित लहान, ६ मिमीचं ठेवायचं.

छऱ्यांना ग्रीस असतं. साबणाच्या गरम पाण्यात धुऊन लगेच फडक्याने पुसायचे आणि उन्हात तासभर. ओलेच बाटलीत भरले तर पावसाळ्यात आठवड्याभरात तांबेरा धरतो आणि छर्रे एकमेकांना चिकटतात.

१२ जुलै
बाटल्या भरल्या. १ औंसाच्या पांढऱ्या, आरपार न दिसणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या, होमिओपॅथीच्या गोळ्यांना वापरतात त्या. रिकाम्या बाटल्यांच्या वजनात थोडाथोडा फरक असतो. सगळ्यांत जड बाटलीला प्रमाण धरून बाकीच्यांच्या झाकणात आतून एम-सीलचा तुकडा लावायचा आणि सगळ्या ६.५० ग्रॅमवर आणायच्या. या पायरीला कंटाळून चालत नाही. रिकाम्या बाटल्यांत अर्ध्या ग्रॅमचा फरक राहिला तर न्यूट्रॉनची संख्या एकाने चुकू शकते.

वर कापूस दाबून भरायचा, नाहीतर मुलं कानाशी धरून हलवतात आणि आवाजावरून अंदाज बांधतात. कापूससुद्धा तोलून, प्रत्येकीत तेवढाच, आणि तो ६.५० मध्येच धरायचा.

झाकणावर फक्त एक आकडा: १७. तो अणुअंक, म्हणजे प्रोटॉनची संख्या. आत किती छर्रे आहेत ते कुठेही लिहायचं नाही.

काटा २०० ग्रॅम क्षमतेचा, ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, सराफी कामाला वापरतात तसला. किचनच्या काट्यावर १ ग्रॅमची पायरी असते, त्यावर एक न्यूट्रॉन कमी-जास्त ओळखू येत नाही. पंखा बंद ठेवायचा, वाऱ्याने शेवटचा आकडा नाचतो.

२० जुलै
वर्गात चालवण्याची पद्धत. मुलांना सांगायचं ते एवढंच: रिकामी बाटली ६.५० ग्रॅम, एक कण १.०५ ग्रॅम, झाकणावर प्रोटॉन. बाकी त्यांनी काढायचं.

काट्यावर दोनच आकडे येतात, ४३.२५ आणि ४५.३५. पहिल्यातून ६.५० वजा करून १.०५ ने भागलं की ३५, दुसऱ्यातून ३७. १७ वजा केले की न्यूट्रॉन १८ आणि २०. झाकण एकच असल्यामुळे मूलद्रव्यही एकच. वजनं मात्र दोन. ही समस्थानिकं. व्याख्या इथे लिहून द्यायची, आधी नाही.

मग प्रत्येक गटाने पिशवीतून न बघता चार बाटल्या काढून सरासरी काढायची. कुणाची ३५ येते, कुणाची ३५.५, कुणाची ३६. चारही बाटल्या ३५ च्याच निघण्याची शक्यता २९ टक्के आहे, त्यामुळे दर तीन-चार गटांत एखादा गट ‘क्लोरीनला एकच समस्थानिक आहे’ असं ठामपणे सांगतो. त्याला लगेच दुरुस्त करू नये. सगळ्या २४ बाटल्यांची सरासरी फळ्यावर मांडली की ८५२ भागिले २४, ३५.५. मग विचारायचं, ३५.५ ची बाटली कुणाकडे आली? कुणाकडेच नाही.

आवर्तसारणीत छापलेलं ३५.४५ अधिक अचूक आहे. खरी वस्तुमानं ३४.९७ आणि ३६.९७, प्रमाण ७५.७६ आणि २४.२४ टक्के. दहावीच्या मुलांकडून हा गुणाकार करून घ्यावा. आकडे पूर्णांक का नाहीत, हा पुढचा प्रश्न आपोआप येतो आणि तीच चिठ्ठीवरची ओळ: बाटलीत ३५ छऱ्यांचं वजन एका छऱ्याच्या बरोबर ३५ पट भरतं. केंद्रकात तसं नसतं. १७ प्रोटॉन, १८ न्यूट्रॉन आणि १७ इलेक्ट्रॉन सुटे सुटे तोलले असते तर बेरीज क्लोरीन-३५ च्या अणूपेक्षा सुमारे ०.९ टक्क्याने जास्त भरली असती. कण एकत्र बांधले जाताना तेवढं वस्तुमान ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतं.

समस्थानिक ही कल्पना सॉडीने १९१३ मध्ये मांडली. निऑन-२० आणि निऑन-२२ अॅस्टनने १९१९ मध्ये आपल्या वस्तुमान वर्णपटलेखकाने स्पष्ट वेगळे करून दाखवले. न्यूट्रॉन सापडला १९३२ मध्ये, चॅडविकला. म्हणजे वजनातला फरक आधी कळला, तो कशामुळे पडतो ते नंतर. मुलांनीही वर्गात तोलून मगच न्यूट्रॉन मोजले, तेव्हा हा क्रम सांगायला हरकत नाही.

२९ जुलै
चिंचोके. अर्धायुकालासाठी, म्हणजे किरणोत्सारी केंद्रकांपैकी निम्मी विघटित व्हायला लागणाऱ्या काळासाठी. चिंचोका उभा फोडला की दोन डाळी मिळतात, बाहेरून काळपट, आतून पांढरी. तुटक्या टाकून २०० घ्यायच्या. डब्यात हलवून सतरंजीवर ओतायच्या, पांढरी बाजू वर आलेल्या ‘विघटित’ म्हणून बाजूला काढायच्या, उरलेल्या पुन्हा ओतायच्या. उघड्या फरशीवर ओतल्या तर घरंगळून कोपऱ्यात जातात.

नाण्याप्रमाणे निम्म्या-निम्म्या पडतील असं गृहीत धरू नये. डाळीची एक बाजू फुगीर, एक सपाट, त्यामुळे ती एका बाजूला झुकतेच. आधी तेच मोजायचं. दर ओतीला ४० टक्के विघटित होत असतील तर अर्धायुकाल १.३६ ओती, ६० टक्के असतील तर ०.७६. अर्धायुकाल पूर्णांकच असला पाहिजे असा काही नियम नाही, हे या खोडीमुळेच दाखवता येतं, म्हणून नाण्यांपेक्षा चिंचोके बरे. आठवीला लॉगॅरिदम नको. आलेखातून २०० वरून १०० पर्यंत यायला किती ओती लागल्या ते वाचायचं.

दहा-बारा डाळी उरल्या की आलेख वेडावाकडा होतो. थोड्या संख्येला तसं होणारच, ते बिंदू खोडू देऊ नयेत.

दोन गैरसमज इथे निघतात. दोन अर्धायुकालांत सगळं संपतं, हा पहिला; खरं तर पाव उरतं. दुसरा जास्त चिवट: चार ओती टिकलेली डाळ आता ‘पडणारच’. डाळीला आणि केंद्रकालाही वय नसतं. टिकलेल्या डाळी वेगळ्या काढून पुन्हा ओता, टक्का तोच येतो.

६ ऑगस्ट
सीडीचा वर्णपटदर्शक, थोडक्यात. बुटाचं खोकं, एका टोकाला ब्लेडच्या दोन तुकड्यांची फट, दुसऱ्या टोकाला सीडीचा तुकडा. फट जाड कागदाएवढी. रुंद झाली की रेषा पसरतात. स्पिरिटच्या दिव्याची वात दाट मिठाच्या पाण्यात बुडवून पेटवली की सोडियमची ५८९ नॅनोमीटरची पिवळी रेषा मिळते. रस्त्यावरचे पिवळे सोडियम दिवे आता एलईडीने घालवले, नाहीतर संध्याकाळी बाहेरूनच काम झालं असतं.

इथे समस्थानिकं दिसत नाहीत, आणि ते सांगायलाच ही वस्तू संचात ठेवली. रेषा इलेक्ट्रॉनमुळे येतात, इलेक्ट्रॉन प्रोटॉनांच्या संख्येवर ठरतात. न्यूट्रॉनने फरक पडतो तो अगदी नावाला: हायड्रोजनची तांबडी रेषा ६५६.२८ नॅनोमीटर, ड्यूटेरियमची (केंद्रकात एक न्यूट्रॉनही असलेल्या हायड्रोजनची) ६५६.१०. यूरीने १९३१ मध्ये एवढ्या फरकावरून ड्यूटेरियम ओळखलं. सीडीला हे झेपणारं नाही.

१४ ऑगस्ट
पोटॅश. किरणोत्सारी समस्थानिक वर्गात आणायचं तर परवाने, कुलपं सगळं आलं. खताच्या दुकानातलं म्युरिएट ऑफ पोटॅश मात्र कुणीही आणतं. ते पोटॅशियम क्लोराइड. गोणीवर ६० टक्के के-टू-ओ (पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबातलं प्रमाण) लिहिलेलं असतं, म्हणजे पोटॅशियम सुमारे ५० टक्के. निसर्गातल्या पोटॅशियमच्या दहा लाख अणूंत ११७ अणू पोटॅशियम-४० चे, अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. एक ग्रॅम पोटॅशियममध्ये सेकंदाला सुमारे ३१ केंद्रकं फुटतात.

घाबरण्यासारखं काही नाही, आणि हे आधीच सांगावं, नाहीतर सायंकाळपर्यंत गावात वेगळीच बातमी होते. ३०० ग्रॅम पोटॅशमध्ये सुमारे १५० ग्रॅम पोटॅशियम. ७० किलोच्या माणसाच्या अंगात १४० ग्रॅम असतं. खत हाताळल्यावर हात धुवायचे, ते खत म्हणून.

मोजायला जीएम (गायगर-म्युलर) काउंटरचा, म्हणजे किरणोत्साराचे ठोके मोजणाऱ्या यंत्राचा, तयार किट, पॉवर बँकेवर. लाइट गेली की तासाभराची मोजणी वाया जाते, म्हणून भिंतीतली वीज नको. नळीला ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो. उघडा भाग डब्यात बंद. पावसाळी दमट हवेत सर्किटवर ओल धरून खोटे ठोके येतात, डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी. काचेची नळी असेल तर वरून काळा कागद, काही नळ्यांना उजेडाचाही त्रास होतो.

मांडणी: पातळ प्लास्टिकच्या पिशवीत १ सेमी जाडीचा थर, नळी त्यावर टेकलेली. किलोभराचा ढीग करून आकडा वाढत नाही. बीटा कणांची (केंद्रकातून सुटणाऱ्या इलेक्ट्रॉनांची) जास्तीत जास्त ऊर्जा १.३ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट, पोटॅशमध्ये ते अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास अडतात. खालचं पोटॅश वरच्याच पोटॅशने झाकलं जातं. काचेच्या बरणीत ठेवलं तर बहुतेक बीटा काचेतच संपतात.

तुलनेला त्याच जाडीचं साधं मीठ. क्लोरीन दोन्हीकडे तोच, फरक फक्त सोडियम आणि पोटॅशियमचा. नैसर्गिक सोडियम म्हणजे सगळं सोडियम-२३, ते स्थिर. १०:२६:२६ सारखं मिश्रखत घेऊ नये, त्यातल्या फॉस्फेटसोबत युरेनियमचा अंश येतो आणि कशाचे ठोके ते कळत नाही. तांबड्या पोटॅशचा रंग लोहाच्या ऑक्साइडचा. मुलं त्यालाच किरणोत्सार समजतात. पांढरं पोटॅश मिळालं तर शेजारी ठेवावं.

ग्रॅनाइटच्या ओट्यावर मोजू नका. ग्रॅनाइटमध्ये स्वतःचंच पोटॅशियम, युरेनियम, थोरियम असतं. लाकडी टेबल बरं. खिडक्या उघड्या, बंद खोलीत रात्रभर रेडॉन हा किरणोत्सारी वायू साठतो आणि सकाळची पार्श्वभूमी (नमुना नसतानाही येणारे ठोके) जास्त येते.

किती वेळ मोजायचं? समजा पार्श्वभूमी मिनिटाला २० ठोके, आणि पोटॅशने २० टक्के वाढ होते. दहा मिनिटांत २०० विरुद्ध २४०, फरक ४०. पण दोन्ही मोजण्यांची मिळून अनिश्चितता २१, म्हणजे ठामपणे काही बोलता येत नाही. तासभरात १२०० विरुद्ध १४४०, फरक २४०, अनिश्चितता ५१. आता बोलता येतं. आणि आधी तासभर मीठ, मग तासभर पोटॅश असं नको. दहा-दहा मिनिटांनी आलटून पालटून, म्हणजे दिवसाचा चढउतार दोघांत सारखा वाटला जातो.

पेट्रोमॅक्सच्या जुन्या मॅंटलमध्ये थोरियम असायचं. आकडा झकास येतो, पण राख हवेत उडते. वर्गात आणू नये.

२३ ऑगस्ट
आता ४० छऱ्यांच्या तीन बाटल्या. झाकणांवर १८, १९, २०. तिन्हींचं वजन ४८.५०. मुलं आतापर्यंत ‘झाकण तेच, वजन वेगळं’ याला सरावलेली असतात, इथे नेमकं उलटं होतं. पोटॅशियम-४० मधला एक न्यूट्रॉन प्रोटॉन झाला की कॅल्शियम-४०. शंभरातल्या सुमारे ८९ वेळा हेच. उरलेल्या ११ वेळा केंद्रक आपलाच एक इलेक्ट्रॉन ओढून घेतं, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आर्गॉन-४० तयार होतो.

हवेतला आर्गॉन जवळजवळ सगळा असा पोटॅशियमपासून आलेला, ९९.६ टक्के आर्गॉन-४०. म्हणून आवर्तसारणीत आर्गॉनचं वस्तुमान ३९.९५ आणि त्याच्या पुढच्या पोटॅशियमचं ३९.१०, क्रम उलटा. वजनाप्रमाणे मांडायचं ठरवलं असतं तर आर्गॉन सोडियमच्या घरात गेला असता. १९१३ मध्ये मोझलीच्या क्ष-किरणांच्या मोजमापांनी अणुअंक हाच क्रमाचा पाया ठरला. तिन्ही बाटल्या आवर्तसारणीच्या तक्त्यावर झाकणावरच्या आकड्याप्रमाणे ठेवायला सांगावं, दहावीला हा भाग वेगळा शिकवावा लागत नाही.

याच समस्थानिकाने आपल्या पायाखालच्या काळ्या पाषाणाचं वय काढतात. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांचा. तेवढ्या काळात पोटॅशियम-४० च्या हजार अणूंपैकी ३६ फुटतात, त्यातले चारच आर्गॉन होतात. लाव्हा वितळलेला असताना जुना आर्गॉन निघून जातो, थिजल्यावर नवा आत अडकतो, त्यामुळे घड्याळ थिजल्या क्षणापासून सुरू होतं. बेसॉल्टमध्ये पोटॅशियम कमी, आपला काउंटर त्यावर पार्श्वभूमीपेक्षा फारसं काही दाखवत नाही. देगलूरकडच्या ग्रॅनाइटचा तुकडा मिळाला तर शेजारी ठेवून मोजावा.

अजिंठ्याचं वय कार्बन-१४ ने काढतात का, हा प्रश्न येतोच. दगडाचं नाही. दगडात मोजण्याजोगा सजीवांचा कार्बन नाही, आणि ५७३० वर्षांचा अर्धायुकाल असलेलं समस्थानिक पन्नास हजार वर्षांपलीकडे कामाला येत नाही. आर्गॉनने कळेल ते लाव्हा कधी थिजला ते, लेणं कधी कोरलं ते नाही. चित्रांखालच्या मातीच्या गिलाव्यात मिसळलेला भुसा आणि तंतू, त्यात मात्र कार्बन आहे.

३० ऑगस्ट
संच पेटीत भरून पुढच्या शाळेकडे. पोटॅश हवेतली ओल धरतं, दोन पिशव्यांत, छऱ्यांपासून लांब. क्षार लागला की छर्रे आठ दिवसांत खराब. बाटल्यांची झाकणं फेविक्विकने बंद, काटा स्पंजात. काउंटरची नळी वेगळ्या डब्यात.

उरलेल्या ३६ छऱ्यांतून आणखी दोन बाटल्या भरल्या, झाकणावर ८: एक १६ ची, एक १८ ची. निसर्गात ऑक्सिजन-१८ साधारण पाचशेत एक. हलक्या ऑक्सिजनचं पाणी किंचित लवकर उडून जातं, म्हणून उन्हाळाभर आटत गेलेल्या तलावात जड ऑक्सिजनचं प्रमाण वाढतं, आणि विहिरीत आलेलं पाणी थेट पावसाचं का तलावातून झिरपलेलं, हे त्यावरून ओळखता येतं. पुढच्या शाळेने यावर काम करावं असं पेटीतल्या चिठ्ठीत लिहिलं आहे. दोन छर्रे सुटे ठेवले आहेत, मोजणीआधी काटा तपासायला.